आजच उरकून टाका

बाबा लग्नाचा विचार मोठ्याने करायचे. नालवाडीतलं आमचं घर दोन खोल्यांचं, मागे पत्र्याची पडवी आणि पडवीला लागून न्हाणी. बाबा देवळीच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापसाच्या गाड्या आल्या की काम, गाड्या थांबल्या की घरी. संध्याकाळच्या बसने ते परत यायचे, हातपाय धुऊन पडवीत पोत्यावर बसायचे आणि आई भाकरी थापत असताना तिला माझं लग्न सांगायचे. केसांत, कानांच्या पाळ्यांवर कापूस चिकटलेला असायचा. बोलता बोलता ते त्याचा एकेक तंतू काढत. रोज संध्याकाळी लग्नातलं काहीतरी गळून पडायचं. आधी बॅण्ड गेला. मग हॉल गेला आणि घरासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घालायचं ठरलं. मग पाहुण्यांचे दुपट्टे गेले, टोप्या गेल्या, पंगतीतली एक भाजी गेली. जिलबीवर मात्र आई अडून बसली.

“बुंदी चाल्ते,” बाबा म्हणाले. “बुंदीत काय वाईट हाये?”

“बुंदी तं तेरवीलेबी करतेत लोकं.”

“तेच म्हनून राह्यलो. सगळ्यायले आवडते.”

आई हसली, आणि जिलबीही गेली. सरगुंड्यांना तिने हात लावू दिला नाही. हळदीच्या दिवशी आंब्याच्या रसासोबत सरगुंडे हवेत, एवढं तिचं ठाम होतं. थंडी ओसरायच्या आतच गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात जमू लागल्या. कणकेची लांब दोरी वळायची, बारीक काडीवर फिरवत गुंडाळायची, काडी ओढून घ्यायची आणि ते पोकळ वेटोळं खाटेवर पसरलेल्या धोतरावर वाळत टाकायचं. काड्यांचा बारीक कटकट आवाज दुपारभर चालायचा. “वर्षा, सासूले असंच गुंडाळजो अन् काडी काढून घेजो,” असं एकजण म्हणायची आणि बाकीच्या हातातलं काम थांबवून हसायच्या. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. एका हाताने वळत, मांडीवरचं पुस्तक दुसऱ्या हाताने उलटत मी त्यांच्यात बसायचे.

ते पुस्तक माझं नव्हतं. मीनाचं होतं. मीना आमच्याच गल्लीतली, माझ्याहून थोडी मोठी. तिचं लग्न परीक्षेच्या आधी झालं आणि निघताना सगळ्यांनी तिला सांगितलं की पेपर तिकडून देजो. दिवाळीला ती आली तेव्हा दिवस गेलेले होते आणि तिने पुस्तकांची थप्पी माझ्याकडे आणून ठेवली. प्रत्येक पुस्तकात तिने पेन्सिलीने ओळींखाली रेघा मारलेल्या होत्या, अर्ध्यापर्यंत. पुढची पानं कोरी. अभ्यास करताना त्या जागेपर्यंत पोहोचले की मला पुढे वाचायला भीती वाटायची. कुणाला सांगण्यासारखी ती भीती नव्हती.

स्थळ चांगलं होतं. विलास समुद्रपूरला शेतीच्या अवजारांच्या दुकानात कामाला होता, घरची थोडी शेती होती, वडील नव्हते, आई होती. पहिल्याच बैठकीत बाबांनी पोरीचे पेपर झाल्यावर, उन्हाळ्यात लग्न, असं स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यांच्या बाजूने “हाव”, म्हणजे होकार, आला होता. साक्षगंध तेवढं आधी उरकायचं. म्हणजे साखरपुडा: टिळा, ओटी, साडी, पेढा आणि घरच्या घरी जेवण. साक्षगंध आणि लग्न यांच्यामध्ये जे महिने उरत होते, तेवढेच माझे होते. त्यानंतर काय होईल याचा विचार मी करत नव्हते.

साक्षगंधाचा दिवस उजाडला तेव्हा समोरच्या प्लॉटवर छोटा मांडव घालून आचाऱ्याने चूल मांडली होती. वांग्या-आलूची भाजी, पोळ्या, वरण-भात आणि बुंदी. वांगी चिरून पाण्यात टाकली होती आणि पाणी काळं पडत चाललं होतं. पाहुणे दोन जीपगाड्यांतून आले. कबूल केल्यापेक्षा जास्त होते. बाबांनी ते पाहिलं आणि आचाऱ्याला कणीक वाढवायला सांगितलं. मला पाटावर बसवून टिळा लावला, साडी दिली, ओटी भरली. विलासच्या आईचे हात कोरडे आणि कडक होते. कुंकू लावताना तिने दुसऱ्या हाताने माझी हनुवटी वर उचलली, पाहिलं, सोडली. मग मला आतल्या खोलीत नेऊन बसवण्यात आलं. बाबांची बहीण, आत्या, माझ्याजवळ बसली. बाहेर पंगतीसाठी सतरंज्या अंथरल्याचे आवाज येऊ लागले.

त्याच वेळी विलासचे काका, नामदेवराव, उठून उभे राहिले. ते गावातल्या बैठकांमध्ये बोलणारे गृहस्थ होते. आवाज असा की खोलीचं दार लावलं असतं तरी शब्द न् शब्द आत आला असता. दार उघडंच होतं.

“मी काय म्हनतो इवाई, मांडव हाये. मानसं हायेत. सैपाक होऊन राह्यला. पोरगा हाये, पोरगी हाये. आता उन्हाळ्यात पुन्हा तोच मांडव, तेच मानसं, तेच वांगे. कायले पाह्यजे?”

“उन्हाळ्यात वांगे महाग असतेत जी!” कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

“आयकून तं घ्या. गरिबानं दोनदा जेवन काऊन घालावं? आमाले हुंडा नको, काई नको. समाजापुढं एक चांगलं उदाहरन ठेवू. आजच उरकून टाका!”

टाळ्या वाजल्या. माझ्या आठवणीत त्या टाळ्या पत्र्यावर गारा पडाव्यात तशा आहेत: आधी एक-दोन, मग एकदम सगळ्या.

पुढे मी एका वर्तमानपत्रात नोकरीला लागले आणि कितीतरी वर्षं जिल्ह्याचं पान लावलं. दर लग्नसराईत ही बातमी आमच्याकडे यायची. आताही येते, फक्त आता ती मोबाईलवर फोटोसह येते. साक्षगंधातच शुभमंगल, अनावश्यक खर्चाला फाटा, परिसरात कौतुक. त्या बातमीत दोन्ही गावांची नावं असतात, पुढाकार घेणाऱ्यांची नावं असतात, उपस्थितांची लांबलचक यादी असते. मुलीला कधी सांगण्यात आलं, हे एकाही बातमीत नसतं. त्यातली कितीतरी लग्नं मुलींच्या मर्जीने झाली असतील, सुखाने झाली असतील; माझ्याकडे उलट पुरावा नाही. मी त्या बातम्या छापल्या. नियमाप्रमाणे जितक्या ओळी द्यायच्या तितक्या दिल्या.

आत्या माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता.

“आयकलं काय व? तुह्या बापाचं नशीब उघडलं.”

“माहे पेपर हायेत आत्या.”

“तं देजो न तिकडून! समुद्रपुराहून यष्टी येत नाई काय?”

मीनालाही हेच वाक्य सांगितलं होतं आणि सांगणाऱ्यांत आत्याही होती.

मग बाबा दारात आले. मला वाटलं होतं, ते काहीतरी कारण काढतील. बोलणं झालं होतं, “हाव” झालं होतं. बाबा दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कपाळावरची आठी गेली होती. गाड्या बंद व्हायच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या महिन्यांत ती आठी तिथे कायम असायची, आणि मला वाटायचं की तो त्यांच्या चेहऱ्याचाच भाग आहे. ते हसले. “वर्षा,” एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसत परत गेले.

मला भीती वाटली ती तेव्हा. नामदेवरावांची मला तेवढी भीती वाटली नव्हती. परक्या माणसाला नाही म्हणता येतं, निदान म्हणायची कल्पना करता येते. बाबांच्या त्या चेहऱ्याला कसं नाही म्हणायचं, हे मला कळत नव्हतं. साडीच्या निऱ्या मुठीत धरल्या होत्या त्या ओल्या झाल्या.

बाहेर सगळं भराभर होऊ लागलं आणि मला प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येत होता. नामदेवराव मोबाईलवर लग्न लावणाऱ्या महाराजांशी बोलत होते, त्या काळी तिथे तो एकच मोबाईल होता. “मुहूर्ताचं काय घेऊन बसले महाराज, तुमी या.” काळे मणी आणायला कुणीतरी मोटारसायकल काढली, ती दोनदा बंद पडून सुरू झाली. पाहुण्यांबरोबर एका वर्तमानपत्राचे वार्ताहर आले होते, ते विलासला नाव आणि शिक्षण विचारत होते. विलासचं उत्तर ऐकू आलं नाही. मग एक बाई स्वयंपाकघरात येऊन आईजवळ हळद मागू लागली. वरणासाठी काढून ठेवलेलीच हळद होती. थोड्या वेळाने वाटीत पाणी ओतल्याचा आणि बोटाने हळद कालवल्याचा आवाज आला. स्टीलची वाटी होती. बोटातली अंगठी तिच्या कडेला घासत होती.

आई आली तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत पिठात होते. तिने आत्याला पाहुण्यांच्या चहाचं बघायला सांगून बाहेर पाठवलं. आई माझ्यासमोर उकिडवी बसली. आईने माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, कोपऱ्यातल्या मीनाच्या पुस्तकांकडे तिची नजर गेली, आणि ती पुन्हा माझ्याकडे वळली.

“मांगची पाळी कवा आलती तुई?”

मी सांगितलं.

“खाटीवरून उठ. खाली बस, तथी, भिंतीजोळ. कायले हात लावू नको. कोनी काई इचारलं तं मान हालवजो. बोलजो नको.”

“आई—”

“चूप.”

ती दारापर्यंत गेली आणि तिने आत्याला हाक मारली. बायका ही गोष्ट एकमेकींना सांगताना जो आवाज लावतात, अर्धा घशातला, त्या आवाजात तिने सांगितलं. आत्याचं उत्तर मात्र मोठ्याने आलं.

“आताच?”

“आताच.”

“टिळा लागला नाई तं विटाळ! हे का लक्षन झालं?”

आमच्याकडे तेव्हा हे सगळं पाळलं जायचं. ते दिवस आले की चूल नाही, देव नाही, पाण्याचा माठ नाही. पडवीत वेगळं पोतं, वेगळं ताट. बाबा या बाबतीत घरात सगळ्यांत कडक होते. आईचा पदर चुकून लागला तरी ते पुन्हा आंघोळ करत. त्यामुळे आत्या काय सांगणार आणि ऐकून बाहेर काय होणार, हे मला माहीत होतं. तरीही ते मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्या तिच्या नवऱ्याजवळ गेली. तो नामदेवरावांच्या कानाशी लागला. नामदेवराव त्या वेळी समाजातल्या उधळपट्टीवर बोलत होते आणि त्यांचं वाक्य मधेच थांबलं. ते खोकले. मांडवात कुणीच काही विचारेना. ज्या गोष्टीचं नाव घेता येत नाही, तिच्यावर चर्चा करता येत नाही. चमच्याने पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज तेवढा आचाऱ्याकडून येत होता. शेवटी नामदेवराव म्हणाले, “बरं, मंग... महाराजाले फोन लावा. येऊ नका म्हना.”

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात विलासची आई खोलीत आली.

ती दारातच थांबली, मग आत आली आणि खाटेवर बसली. मी खाली, भिंतीशी. आई दाराबाहेर होती. तिची सावली उंबऱ्यावर दिसत होती. विलासच्या आईने पदराने गळा पुसला. मग अगदी सहज म्हणाली, “लय तहान लागली, पोरी. घोटभर पानी दे.”

माठ माझ्या हाताजवळच होता. घरात आलेल्या माणसाने पाणी मागितलं की उठायचं, ही सवय इतकी जुनी होती की मी अर्धी उठले होते. हात ओगराळ्याकडे गेला होता. तो हात मला अजून दिसतो, हिरव्या बांगड्यांतला, माठावर आलेला. मी तो मागे घेतला. खाली बसले. मान हलवली. आईने सांगितलं होतं तेवढंच मला करता येत होतं.

विलासची आई माझ्याकडे पाहत होती. आई पेल्यात पाणी घेऊन आत आली. विलासच्या आईने ते पूर्ण प्यायलं. तहान खरीच लागली होती की तिने मला पारखलं, हे मला आजही माहीत नाही. त्याच उन्हाळ्यात ती माझी सासू झाली. तिच्या शेवटच्या आजारात मी तिला चमच्याने पाणी पाजलं. तेव्हाही विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

“पेपर कवा संपतेत तुहे?” पेला खाली ठेवत तिने विचारलं.

आईने उत्तर दिलं. विलासची आई बाहेर गेली आणि मांडवातल्या लोकांना म्हणाली, “उन्हाळ्यात करू. ठरलं तं होतं ना पयलेच.” मग पंगती बसल्या. भाजी करपलेली होती. कुणी तक्रार केली नाही.

पाहुणे गेल्यावर भीती कमी होईल असं मला वाटलं होतं. ती वाढली. आत्या जाताना आईला सांगून गेली की असं झालेलं स्थळ टिकत नाही, कुठेतरी मन खातं माणसाचं. आणि बाबा गप्प झाले. रागावले नव्हते. संध्याकाळी परत यायचे, हातपाय धुवायचे, पडवीत माझ्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला बसायचे आणि केसांतला कापूस काढायचे. लग्नाबद्दल एक शब्द नाही. आठी परत आली होती. एका दिवसात जे मिटलं असतं ते सगळं पुन्हा त्यांच्या अंगावर आलं होतं, आणि ते मी आणलं होतं, निदान माझ्या नावाने आलं होतं. त्यांना खरं कळलं तर काय होईल, हा विचार मी दिवसभर करायचे. आईला ते मारणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्यांनी कधी मारलं नव्हतं. पण आईचा शब्द त्या घरात ते कायम खरा मानत आले होते. तो खोटा निघाला तर त्या घराचं काय होईल, याचं चित्र मला करता येत नव्हतं.

आईने खोटं नीट पाळलं. न्हाणीमागच्या दोरीवर ती रोज सकाळी धुतलेली कोरी फडकी वाळत घालायची आणि त्यावर टॉवेल टाकायची, नेहमी टाकते तसा. माझं ताट ती लांबून सरकवायची. मी पोत्यावर बसून मीनाचं पुस्तक वाचायचे. कोऱ्या पानांपर्यंत आले होते. आम्ही दोघी त्याबद्दल एकमेकींशीही बोललो नाही. जणू खरंच आलं होतं. कधीकधी मलाच वाटायचं की आलंय, आणि मी पदर सावरून बाबांच्या वाटेतून बाजूला व्हायचे.

विटाळ संपवून डोक्यावरून पाणी घ्यायच्या आदल्या संध्याकाळी आईने मला जेवायला वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. बाबा नुकतेच आले होते. हातपाय धुतले. ते नेहमीच्या टोकाला गेले नाहीत. माझ्या पोत्याजवळ आले आणि पोत्यावरच, माझ्या गुडघ्याला त्यांचा गुडघा लागेल असे बसले. मी ताट घेऊन मागे सरकले. त्यांनी हात पुढे केला, माझ्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, माझ्याच भाजीत बुडवला आणि तोंडात टाकला.

मी आईकडे पाहिलं. तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच थांबली होती. चुलीच्या उजेडात तिचा चेहरा पांढरा दिसत होता.

“अहो,” ती म्हणाली, आणि तिला पुढचं सांभाळून बोलावं लागलं. “शिवलं ना तुमाले. आंघोय करा लागन आता.”

बाबा सावकाश चावत राहिले. मग आणखी एक तुकडा मोडला.

“मीठ कमी हाये भाजीत,” ते म्हणाले.